काचेचे कडे आणि गळतीची कला

‘नेचर’ साप्ताहिकाच्या २७ फेब्रुवारी २००३ च्या अंकात जेमतेम चार पानांचा एक शोधनिबंध आहे. डी. के. आर्मानी, टी. जे. किपेनबर्ग, एस. एम. स्पिलेन आणि के. जे. वाहाला हे त्याचे लेखक. चौघेही तेव्हा पॅसाडेनाच्या कॅलटेकमध्ये होते. चिपवर उभ्या केलेल्या काचेच्या एका कड्याची ती हकिकत आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे कडे कसे दिसते ते ज्याने एकदा पाहिले, त्याच्या डोळ्यांपुढून ते सहसा हलत नाही. खाली सिलिकॉनचा सपाट पृष्ठभाग, त्यातून वर आलेला बुटका खांब, खांबावर काचेची पातळ चकती आणि चकतीच्या कडेला सगळीकडून सारखा फुगलेला, गोलसर काठ. व्यास शंभर मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीएवढा. काठ इतका नितळ की चित्रात नजर ठरायला एक ओरखडासुद्धा सापडत नाही.

या काठातून प्रकाश फिरतो. प्रकाश सरळ रेषेत जातो हे शाळेत शिकलेले खरेच आहे. पण काचेच्या आतून तो सीमेवर पुरेसा तिरपा आदळला, तर हवेत न जाता पूर्णपणे आत परततो. सीमा वर्तुळाकार असली की एक परावर्तन पुढच्याला जोडले जाते आणि प्रकाश काठाला बिलगून फेऱ्या मारू लागतो. इथे एक अट येते आणि या विषयाचा सगळा रस त्या अटीत आहे. फेरी पुरी करून परतलेली लाट आधीच्या लाटेशी तंतोतंत जुळली पाहिजे, शिखरावर शिखर आणि दरीवर दरी. दूरसंचारात वापरतात त्या १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाच्या साधारण २९० लाटा या कड्याच्या परिघात बसतात. पूर्ण २९० बसल्या तर प्रकाश फेरीगणिक साठत जातो. २९० आणि वर अर्धी अशी बसली, तर पुढच्याच फेरीत तो स्वतःलाच पुसून टाकतो. पहिल्या स्थितीला आपण अनुनाद म्हणतो.

अनुनाद किती चोख आहे हे सांगायला भौतिकीत ‘क्यू’ नावाचा आकडा आहे. तरंगलांबीला अनुनादाच्या रुंदीने भागले की क्यू मिळतो. कॅलटेकच्या कड्याचा क्यू दहा कोटींच्या पलीकडे गेला. हा आकडा काळाच्या हिशेबाने वाचला तर असा: आत शिरलेला प्रकाश सुमारे ८० नॅनोसेकंद टिकतो, तेवढ्यात काचेतून १७ मीटरचा रस्ता कापतो, आणि परिघ मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा असल्यामुळे त्याच्या पन्नास हजारांहून जास्त फेऱ्या होतात. लांबीच्या हिशेबाने वाचला तर छाती दडपते. कड्याची त्रिज्या एका अणूच्या व्यासाच्या दोनशेव्या भागाने बदलली, तरी लावलेला अनुनाद हातचा जातो.

एवढ्या नाजूक गोष्टीवर ताबा मिळवायचा कसा? माझे म्हणणे असे आहे की या शाखेतले जे उत्तम प्रयोग आहेत, त्यांत कोणीही प्रकाशाला घट्ट आवळून धरलेले नाही. गळती कुठून होऊ द्यायची आणि किती होऊ द्यायची, एवढेच त्यांनी विलक्षण कसबाने ठरवले आहे. काचेच्या पृष्ठताणाला, उष्णतेला, शोषणाला, म्हणजे ज्या गोष्टी प्रयोगशाळेत शत्रू मानल्या जातात त्यांना, या लोकांनी कामाला लावले. म्हणून हे प्रयोग मी शोधांची जंत्री म्हणून वाचत नाही, घडवलेल्या कृती म्हणून वाचतो.

या विद्येचा उगम आवाजात आहे. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या घुमटाखाली गोल सज्जा आहे. तिथे भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजले तर पलीकडच्या बाजूला भिंतीशी कान लावलेल्याला ऐकू येते. आवाज अंतर्वक्र भिंतीला चिकटून सरकतो, हे लॉर्ड रॅले यांनी ओळखले आणि १९१० मध्ये त्याचे गणित मांडले. पुढे १९२१ साली चंद्रशेखर व्यंकट रामन कलकत्त्याहून इंग्लंडला गेले होते, तेव्हा त्यांनी जी. ए. सदरलंड यांच्या जोडीने याच सज्जात प्रयोग केले. भिंतीपासून आत येताना आवाज सरळ उतरत जात नाही, त्याच्या तीव्रतेत चढउतार असतात, हे त्यांनी दाखवले. परतीच्या बोटीवरून दिसलेल्या भूमध्य समुद्राच्या निळाईने ते प्रकाशाच्या विकिरणाकडे वळले, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. त्याच प्रवासात सेंट पॉलचा सज्जाही होता, हे फारसे कोणी सांगत नाही. कलकत्त्याला परतल्यावर १९२२ मध्ये त्यांनी आपल्याकडच्या अशा वास्तूंवर लिहिले. त्यात पाटण्याचे गोलघर होते, आणि विजापूरचा गोल घुमटही.

गोल घुमट मराठी माणसाला नवा नाही. शाळेच्या सहली तिथे जातात, मुले वरच्या सज्जात ओरडतात आणि प्रतिध्वनी मोजतात. मुहम्मद आदिलशहाच्या कबरीवरचा तो घुमट आतून सुमारे ३८ मीटर रुंद आहे. कॅलटेकचे कडे त्याच्या पावणेचार लाखाव्या हिस्स्याएवढे. एकात आवाज, दुसऱ्यात प्रकाश. पण भिंतीला बिलगून चालण्याची रीत एकच, म्हणून प्रकाशाच्या या अवस्थांनाही आज शास्त्रज्ञ ‘व्हिस्परिंग गॅलरी मोड’ म्हणतात. रामन यांचे नाव पुढे आणखी एकदा येणार आहे, तेही अगदी आतल्या बाजूने.

प्रकाशाच्या बाजूने पहिला मोठा पल्ला मॉस्कोने गाठला. व्लादिमिर ब्रागिन्स्की, मिखाइल गोरोदेत्स्की आणि व्लादिमिर इल्चेंको यांनी १९८९ मध्ये वितळलेल्या सिलिकाच्या, म्हणजे शुद्ध काचेच्या, सूक्ष्म गोलांवरचे काम प्रसिद्ध केले. शुद्ध काचेचा तंतू तापवला की टोकाशी थेंब धरतो, आणि तो थंड झाला की गोल तयार. पुढे १९९६ मध्ये याच परंपरेतल्या गोलांचा क्यू जवळजवळ आठशे कोटींपर्यंत पोचला. तो पाहायला मात्र घाई करावी लागे. हवेतली वाफ काचेवर बसते, तिचा अदृश्य थर प्रकाश शोषतो, आणि काही मिनिटांतच तो विक्रमी आकडा घसरू लागतो. या गोलांची दुसरी अडचण अशी की ते एकेक करून हातानेच घडवावे लागत. दोन गोल हुबेहूब सारखे निघण्याची खात्री नसे, आणि चिपवर तर ते बसवताच येत नसत.

कॅलटेकच्या कड्याची घडण मला वाटते या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी पायरी आहे, म्हणून तिथे जरा थांबू या.

सुरुवात चिप बनवण्याच्या नेहमीच्या रीतीने होते. सिलिकॉनच्या चकतीवर सिलिकाचा दोन मायक्रॉन जाडीचा थर असतो. त्यावर प्रकाशाने वर्तुळे छापायची आणि हायड्रोफ्लुओरिक आम्लाने बाकीची सिलिका खाऊन टाकायची. आता सिलिकॉनवर सिलिकाच्या गोल टिकल्या उरल्या. पण सिलिकॉनचा अपवर्तनांक साडेतीनच्या घरात आणि सिलिकाचा दीडच्याही खाली. प्रकाश नेहमी जास्त अपवर्तनांकाकडे ओढला जातो, त्यामुळे टिकलीतला प्रकाश ताबडतोब खालच्या सिलिकॉनमध्ये बुडेल. म्हणून झेनॉन डायफ्लोराइड वायू सोडतात. हा वायू सिलिकॉन खातो आणि सिलिकाला हात लावत नाही. तो चारी बाजूंनी सारखा आत शिरतो, त्यामुळे टिकलीच्या बरोबर मध्याखाली एक खांब उरतो आणि कड अधांतरी होते.

इथपर्यंतची चकती चांगली आहे, पण थोर नाही. आम्लाने खाल्लेल्या कडेवर सूक्ष्म खरखरीतपणा असतो, आणि पन्नास हजार फेऱ्या मारू पाहणाऱ्या प्रकाशाला प्रत्येक खडबडीत जागा बाहेर उधळते. कड घासून गुळगुळीत करता येईल अशी कोणतीही कानस एवढ्या बारकाईची नाही. इथे कार्बन डायऑक्साइड लेझर येतो. त्याचा अवरक्त प्रकाश सिलिका भराभर शोषते, सिलिकॉन फारसा शोषत नाही. शिवाय सिलिकॉन उष्णता सिलिकापेक्षा सुमारे शंभर पटींनी जास्त वाहून नेतो. म्हणजे वरून लेझर टाकला की खांबावरचा भाग थंड राहतो, कारण त्याची उष्णता खाली निघून जाते. अधांतरी कड मात्र तापते, वितळते आणि पृष्ठताणाने आत गुंडाळली जाते. वितळलेली काच आपोआप सगळ्यांत कमी पृष्ठफळ शोधते, आणि त्या शोधात सगळा खरखरीतपणा नाहीसा होतो.

आता खरी खुबी. कड गुंडाळत आत येते तशी ती खांबाजवळ येते. खांबाजवळ आली की तिची उष्णता खांबातून वाहू लागते. एका ठिकाणी तापणे आणि निवणे यांचा हिशेब जुळतो आणि गुंडाळणे थांबते. लेझर कधी बंद करायचा याची धडपड करावी लागत नाही. कड्याचा आकार आधी छापलेल्या वर्तुळाने आणि खांबाच्या जाडीनेच ठरून गेलेला असतो. एकाच खांबाकडून इथे दोन कामे करून घेतली आहेत. तो प्रकाशाला सिलिकॉनपासून लांब ठेवतो आणि उष्णतेला मात्र सिलिकॉनची वाट दाखवतो. प्रकाशाची गळती बंद, उष्णतेची खुली. उत्तम बंदिशीत एक स्वर दोन ओळींना आधार देतो तेव्हा जी दाद निघते, तीच या ठिकाणी माझ्या तोंडून निघते.

कडे तयार झाले, पण त्यात प्रकाश घालायचा कसा? ज्या भिंतीतून प्रकाश बाहेर पडत नाही, तिच्यातून तो आतही जात नाही. पण प्रकाश आतून पूर्ण परावर्तित होतो तेव्हाही त्याचा थोडा अंश पृष्ठभागाबाहेर, साधारण एका तरंगलांबीच्या अंतरापर्यंत डोकावतो आणि विरतो. त्या पट्ट्यात दुसरी काच आणली तर प्रकाश मधली हवा ओलांडतो. त्यासाठी ऑप्टिकल फायबर हायड्रोजनच्या ज्योतीत तापवून दोन्ही टोकांनी ओढतात, इतका की १२५ मायक्रॉनचा तंतू मध्ये एक-दोन मायक्रॉनचा उरतो. हा तंतू कड्याच्या काठाशेजारून न्यायचा. १९९७ मध्ये ही युक्ती दाखवली गेली, आणि २००० मध्ये मिंग काई, ऑस्कर पेंटर आणि वाहाला यांनी तिच्या आधारे जे पाहिले त्याला मी या शाखेतला सर्वांत सुंदर आलेख म्हणेन.

आलेखाची आडवी बाजू म्हणजे तंतू आणि काच यांतले अंतर. उभी बाजू म्हणजे तंतूच्या पलीकडच्या टोकाला किती प्रकाश पोचला. तंतू लांब असताना सगळा प्रकाश सरळ निघून जातो. जवळ आणत गेले तसा काचेत जास्त प्रकाश शिरतो आणि पलीकडे कमी पोचतो. एका विशिष्ट अंतरावर पलीकडे जवळजवळ काहीच पोचत नाही. यापुढे तंतू आणखी जवळ नेला तर काय होईल? ज्याला विषय नवा आहे तो म्हणेल, आणखी जास्त प्रकाश आत जाईल. तसे होत नाही. पलीकडे पुन्हा प्रकाश दिसू लागतो.

याचे कारण समजले की मन प्रसन्न होते. काचेतला प्रकाश ज्या वाटेने आत आला त्याच वाटेने परत तंतूत गळतही असतो. हा गळलेला प्रकाश आणि काचेला न भेटता सरळ गेलेला प्रकाश यांच्या लाटा परस्परविरुद्ध असतात. दोन्ही सारख्या झाल्या की एकमेकांना पुसतात आणि पुढे अंधार उरतो. त्या सारखेपणाची अट अशी: तंतूच्या वाटेने होणारी गळती ही काचेच्या आत शोषणाने आणि विकिरणाने होणाऱ्या गळतीच्या बरोबर हवी, न कमी न जास्त. म्हणजे आत काहीच वाया जात नसते, तर पलीकडे पूर्ण अंधार कधी झालाच नसता. तंतूतला सगळा प्रकाश पोकळीने घ्यावा, यासाठी तिला आतून थोडी गळती असावी लागते, आणि दाराची गळती तिच्याशी जुळवावी लागते. हे वाचून झाल्यावर अनुनादाची कल्पना पहिल्यासारखी राहत नाही.

पुढची अडचण उष्णतेची. काचेत साठलेला प्रकाश थोडासा शोषला जातो आणि काच तापते. तापली की तिचा अपवर्तनांक वाढतो आणि अनुनादाची तरंगलांबी लांबते. सिलिकाच्या बाबतीत एका अंशाला सुमारे १२ पिकोमीटर. आकडा क्षुल्लक दिसतो, पण दहा कोटी क्यूच्या अनुनादाची रुंदी पिकोमीटरच्या साठाव्या भागाच्या आसपास असते. तापमान अंशाच्या हजाराव्या भागाने सरकले, की अनुनाद जवळजवळ आपल्या रुंदीइतका सरकला. खोलीत कोणी चालत गेले तरी सूर हलावा अशी ही अवस्था.

ताल कार्मन, लान यांग आणि वाहाला यांनी २००४ मध्ये या चंचलपणातच स्थैर्य शोधले. लेझरची तरंगलांबी आखूड बाजूकडून हळूहळू वाढवत नेली, तर लेझर जवळ येताच काच तापते आणि अनुनाद पुढे सरकतो. लेझर आणखी पुढे, अनुनाद आणखी पुढे. पडद्यावर अरुंद खाचेऐवजी लांब उतरता त्रिकोण उमटतो, आणि मग एका क्षणी पाठलाग संपून सगळे एकदम कोसळते. उलट दिशेने आले तर अनुनादच लेझरकडे धावत येतो आणि क्षणात ओलांडून जातो. आता लेझर त्या त्रिकोणाच्या उतारावर मध्येच थांबवा. लेझर किंचित प्रबळ झाला तर काच तापेल, अनुनाद दूर जाईल, प्रकाश कमी शिरेल, काच निवेल आणि अनुनाद परत जागेवर येईल. दुर्बल झाला तर याच्या उलट. बाहेरून कोणी न सावरता ते कडे स्वतःच स्वतःला सुरात ठेवते. त्याच वर्षी कॅलटेकच्याच गटाने खांबातून वीज सोडून, त्या उष्णतेने अनुनाद हवा तिकडे सरकवूनही दाखवला. तंबोऱ्यात खुंटी पिळून सूर जवळ आणायचा आणि मग मणी सरकवून तो नेमका बसवायचा, तसे हे दोन टप्पे आहेत: कड्याचा व्यास आधी, उष्णतेची बारीक हालचाल नंतर.

या कड्यांतून पुढे बरेच काही निघाले. २००७ मध्ये गार्चिंगच्या माक्स प्लांक संस्थेत किपेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी एकाच लेझरपासून सारख्या अंतरावरच्या कित्येक रंगरेषांची फणी कड्यातून काढली. प्रकाशाच्या दाबाने काचेचे कडे थरथरते, हेही या काळात दिसले. ते सगळे मोठे काम आहे, पण गळतीचा धागा सोडून तिकडे वळलो तर मूळ गोष्ट सुटेल.

तो धागा लान यांग यांच्या हातात पुढे गेला. कॅलटेकमधून त्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात गेल्या. तिथे बो पेंग, शाहीन ओझदेमिर आणि सहकाऱ्यांसह त्यांनी २०१४ मध्ये ‘सायन्स’मध्ये जे प्रसिद्ध केले, ते माझ्या लेखी या शाखेतले शिखर आहे. प्रयोगाचे साहित्य मोजके. दोन कडी शेजारी शेजारी, इतकी जवळ की एकातला प्रकाश दुसऱ्यात जाऊ शकतो. पहिल्या कड्याला तंतूने प्रकाश दिला आहे. दुसऱ्या कड्याजवळ काचेचे एक अतिसूक्ष्म टोक आणले आहे, त्यावर क्रोमियमचा लेप आहे. क्रोमियम १५५० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतो. टोक जवळ आणले की दुसऱ्या कड्यातली गळती वाढते. बस, एवढेच.

प्रकाश पुरेसा असेल तर पहिल्या कड्यात लेझर पेटतो. तो लेझर रामन परिणामातून पेटतो: प्रकाश सिलिकाच्या रेणुबंधांना स्पंदन देतो, त्या मोबदल्यात स्वतःची थोडी ऊर्जा गमावतो, आणि तो कमी ऊर्जेचा प्रकाश फेऱ्या मारत वाढत जातो. सेंट पॉलच्या सज्जाचा अभ्यास करणारे रामन आणि १९२८ चे रामन इथे एकाच काठावर भेटतात. प्रकाश फिरतो तो कुजबुजत्या सज्जाच्या रीतीने, आणि पेटतो तो त्यांच्या नावाच्या परिणामाने. ही भेट कोणी ठरवून घडवली नव्हती. काचेच्या कड्यात हा परिणाम कमी ताकदीच्या प्रकाशातही उमटतो आणि त्यातून लेझर सहज मिळतो, म्हणून ती घडली.

आता टोक जवळ आणू या. गळती वाढली. लेझर मंदावला. आणखी जवळ, आणखी मंद. मग विझला. इथपर्यंत कोणालाही आश्चर्य वाटणार नाही. आणि मग टोक त्याहूनही जवळ नेले, गळती त्याहूनही वाढवली, आणि लेझर पुन्हा पेटला.

हे का झाले ते पाहताना हा प्रयोग पूर्ण उलगडतो. दोन कडी जोडलेली असताना प्रकाश एकाच कड्याचा राहत नाही. जोडी मिळून दोन सामाईक अवस्था बनतात आणि दोन्ही अवस्था दोन्ही कड्यांत सारख्या पसरलेल्या असतात. म्हणून दुसऱ्या कड्याची गळती पहिल्याच्याही वाट्याला येते. दुसऱ्याचे दुखणे पहिला निमूटपणे वाटून घेतो. पण दोन कड्यांच्या गळतीतला फरक जोडणीच्या ताकदीच्या तुलनेत एका ठराविक मर्यादेपलीकडे गेला, की ही भागीदारी टिकत नाही. त्या सीमेवर दोन्ही अवस्था एकरूप होतात. भौतिकीत त्या बिंदूला ‘एक्सेप्शनल पॉइंट’ म्हणतात. सीमा ओलांडली की अवस्था आपापल्या कड्यात जाऊन बसतात. सगळी गळती दुसऱ्याकडे राहते, पहिले कडे मोकळे होते, त्यात प्रकाश पुन्हा साठतो आणि रामन लेझर पेटतो. गळती वाढवून नुकसान भरून काढलेले दुसरे इतके स्वच्छ उदाहरण मला भौतिकीत सांगता येणार नाही.

पुढच्या दोन-तीन वर्षांत याच गटाने एकाच कड्यात तसे बिंदू गाठले. कड्यातला प्रकाश घड्याळाच्या दिशेने फिरू शकतो आणि उलटही. काठाजवळ दोन सूक्ष्म टोके ठेवली की त्यांच्यावर आदळून एका दिशेचा प्रकाश दुसऱ्या दिशेत जातो. टोकांच्या जागा नेमक्या जुळवल्या तर एका दिशेकडून दुसरीकडे जाणे चालू राहते आणि उलटे येणे बंद होते. २०१६ मध्ये त्यांनी अशा रीतीने दोन्ही दिशांनी निघणारा लेझर एकाच दिशेचा करून दाखवला. २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी आणखी पुढचा दावा केला: अशा बिंदूवर बसवलेले कडे सूक्ष्म कण अधिक तीव्रतेने ओळखते. एरवी कणामुळे अनुनादाचे जे दोन भाग पडतात, त्यांतले अंतर कणाच्या प्रभावाच्या प्रमाणात वाढते. या बिंदूजवळ ते त्या प्रभावाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. एकाहून लहान आकड्याचे वर्गमूळ त्या आकड्याहून मोठे असते. दहाहजाराव्या भागाचे वर्गमूळ शंभरावा भाग. म्हणून कण जितका लहान तितका लाभ मोठा.

इथे मला थोडे सावध व्हावेसे वाटते. संकेत मोठा होतो हे खरे, पण त्याबरोबर कुरकुरही, म्हणजे मोजणीतला गोंगाटही, मोठी झाली तर? २०२० मध्ये वाहालांच्याच गटाने दिशा आणि वळण मोजणाऱ्या एका लेझर-गायरोस्कोपमध्ये हे तपासले. तिथे मूलभूत कुरकुरही त्याच प्रमाणात वाढते आणि अंतिम फायदा उरत नाही, असे त्यांना दिसले. त्यामुळे २०१७ च्या कामाची किंमत माझ्या दृष्टीने कमी होत नाही. दोन टोकांनी प्रकाशाची दिशा वळवण्याचे ते कसब जागच्या जागी आहे. फक्त संवेदक म्हणून त्याचे कौतुक करताना संकेतासोबत कुरकुरीचा आकडाही मागितला पाहिजे. या काचेच्या कड्यांची दुसरी मर्यादाही मान्य केली पाहिजे. एक-दोन मायक्रॉनचा तंतू हवेत धरून काम करणे प्रयोगशाळेत जमते. धूळ बसली, तंतू हलला, वाफ चढली की सगळे मोडते. म्हणून उत्पादनाकडे वळलेले बरेच काम आज सिलिकॉन नायट्राइडच्या, चिपमध्येच बंद केलेल्या कड्यांवर होते. बाजाराच्या बाबतीत ती कडी पुढे जातील. ज्यातून ही समज आली ते खांबावरचे कडे मात्र काचेचेच राहील.

एक गोष्ट शेवटी आपल्या महाविद्यालयांत भौतिकी शिकवणाऱ्यांना सांगायची आहे. २०१४ च्या प्रयोगाचा गाभा दोन ओळी आणि दोन स्तंभांच्या एका मॅट्रिक्समध्ये मावतो. कर्णावर दोन कड्यांच्या वारंवारता आणि त्यांच्या गळत्या, कर्णाबाहेर जोडणी. तिची आयगेन मूल्ये काढली की वर्गमुळाखाली जोडणीच्या वर्गातून गळत्यांच्या फरकाच्या चौथ्या भागाचा वर्ग वजा झालेला मिळतो. हा आकडा धन असेपर्यंत दोन्ही कडी दुखणे वाटून घेतात, शून्य झाला की तो बिंदू येतो, ऋण झाला की पहिले कडे सुटते. बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या गणितापलीकडे यात काही लागत नाही. एखाद्या तासाला हे उदाहरण फळ्यावर घ्या, वर्गमुळाखालचे चिन्ह मुलांना स्वतः बदलू द्या, आणि मग त्यांना ‘सायन्स’मधला लेझर विझून पुन्हा पेटण्याचा आलेख दाखवा.